अंगणातलं ब्रह्मकमळ आणि त्याचे ‘डबल’ भाऊबंद

मालवण, वेंगुर्ला, देवगड या पट्ट्यात बागेविषयी बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो. कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि विचारतं, “हे आमच्याकडचं डबल ब्रह्मकमळ. आजीच्या वेळचं आहे. याचं नेमकं नाव काय?” एवढ्याशा प्रश्नात तीन गुंते आहेत: ‘ब्रह्मकमळ’ म्हणजे काय, ‘डबल’ म्हणजे काय आणि ‘नाव’ म्हणजे काय. आज हे तिन्ही सोडवायचा प्रयत्न करू. मग आपल्या हवेत ही झाडं कशी जगवायची, फुलवायची, ते बघू.

आधी ब्रह्मकमळ. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं. साधारण साडेतीन हजार मीटरच्या वर उगवतं, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे, शास्त्रीय नाव सॉस्युरिया ओब्व्हॅलाटा, उत्तराखंडचं राज्यफूल. केदारनाथ-बद्रीनाथला वाहतात ते हेच. आपल्या अंगणात पावसाळी रात्री उमलतं ते वेगळं. ते निवडुंग आहे आणि त्याचं मूळ घर मेक्सिको-ग्वाटेमालाकडचं. नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. डी कॅन्डोल यांनी १८२८ मध्ये त्याचं वर्णन केलं, पुढच्याच वर्षी हावर्थ यांनी ते एपिफायलममध्ये घातलं. जपानात त्याला ‘गेक्का बिजिन’ म्हणतात, म्हणजे चांदण्यातली सुंदरी. श्रीलंकेत ‘कडुपुल’, केरळात ‘निशागंधी’. आपण ब्रह्मकमळ म्हणतो. म्हणू द्या. नाव रुळलंय, लोक फुलापुढे निरांजन लावतात, ते काढून घ्यायचं कुणालाही कारण नाही. फक्त केदारनाथचं आणि आपलं एकच, असं समजू नका. आणि ‘बारा वर्षांतून एकदा फुलतं’ हेही सोडून द्या. कारवी सात वर्षांनी फुलते, ते खरं. आपलं हे झाड नीट ठेवलं तर एका पावसाळ्यात दोन-तीन वेळा बहरतं.

निवडुंग म्हटलं की काहींचा चेहरा पडतो, कारण आपल्याकडे कुंपणाला लावलेला शेर किंवा त्रिधारी निवडुंग डोळ्यांपुढे येतो. ते निवडुंग नव्हेतच, ते एरंडाच्या कुळातले. ओरखडा काढला की पांढरा चीक येतो, ही त्यांची खूण. आपल्या ब्रह्मकमळाला चीक नाही. कुंपणावरचा फड्या निवडुंग मात्र याच्याच कुळातला, तोही अमेरिकेतून आलेला. आणि अलीकडे शेतात दिसणारं ड्रॅगन फ्रूट तर याचं अगदी जवळचं नातलग. फूल इतकं सारखं की फोटोत फसायला होतं. तेव्हा खोड बघा. ड्रॅगन फ्रूटचं खोड तीन धारांचं आणि काटेरी, ब्रह्मकमळाचं चपटं, पानासारखं.

हे जे चपटं हिरवं आपण ‘पान’ म्हणतो ते पान नाही, खोड आहे. म्हणून तर त्याच्या कडेच्या खाचेतून कळी फुटते. पानाच्या कडेतून कधी कळी येत नाही. प्रत्येक खाचेत एक डोळा असतो, उसाच्या कांडीवर असतो तसा. त्या डोळ्यातून एकतर नवी फांदी येते, नाहीतर कळी. आणि ज्या डोळ्यातून एकदा फूल आलं, तिथून पुन्हा सहसा येत नाही. हे लक्षात ठेवा, छाटणीच्या वेळी उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट, हे रानात झाडावर वाढतं. बांडगुळासारखं नाही, बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं बेचक्यात बसतं, साचलेल्या पाचोळ्यावर जगतं, आपल्या आंब्या-फणसावर सीतेची वेणी बसते तसं. ‘ऑर्किड कॅक्टस’ हे नाव या राहणीमुळेही शोभतं. पण ते नाव इंग्रजीत प्रामुख्याने वापरतात रंगीत संकरांसाठी, आणि ‘डबल’चा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

संकरांची गोष्ट युरोपातली. मेक्सिकोच्या डोंगरांतल्या काही दिवसा फुलणाऱ्या, लाल-गुलाबी निवडुंगांची रोपं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या काचगृहांत पोचली. गुलाबी फुलाच्या एका जातीचं वर्णन १८१३ मध्ये झालं, तिला आज डिसोकॅक्टस फायलॅन्थॉइडीस म्हणतात. लाल फुलाची दुसरी जात जॉर्ज अ‍ॅकरमन यांनी १८२४ मध्ये इंग्लंडात आणली. हावर्थ यांनी १८२९ मध्ये तिला त्यांचंच नाव दिलं. तिसरी, जाड धारांच्या काटेरी खोडाची, जांभळट झाक असलेली डिसोकॅक्टस स्पेसिओसस. या सगळ्यांचे आपसांत आणि पांढऱ्या एपिफायलमशी संकर झाले. पुढे जर्मनीत कुर्ट क्नेबेल यांच्यासारख्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेकडो रोपं तयार केली, मग अमेरिकेत कॅलिफोर्नियात हा छंद पसरला. तिथे १९४० मध्ये एपिफायलम सोसायटी ऑफ अमेरिका स्थापन झाली. या संकरांच्या नावांची जागतिक नोंद तीच ठेवते. आज नोंदलेली नावं हजारोंच्या घरात आहेत.

आता ‘डबल’. आपल्याला दुहेरी फूल नवं नाही. गावठी जास्वंद पाच पाकळ्यांची, दुहेरी जास्वंद गेंदासारखी. साधा मोगरा आणि बटमोगरा. तिथे होतं काय, तर पुंकेसरांच्या पाकळ्या होतात. दुहेरी जास्वंदीत मधली दांडी शोधून बघा, तिचे पुंकेसर पाकळ्यांत विरघळलेले दिसतील. म्हणजे पाच पाकळ्या हा हिशेब ठरलेला असला की सहावी पाकळी लगेच कळते.

निवडुंगात हा हिशेबच नाही. तिथे हिरवं बाह्यदल आणि रंगीत पाकळी अशी सरळ वाटणी नसते. बाहेरच्या खवल्यांपासून आतल्या पाकळ्यांपर्यंत एक चक्राकार जिना असतो, पायरीपायरीने रंग बदलत जातो. त्यामुळे या कुळातलं प्रत्येक फूल मुळातच बहुपाकळी. मग डबल कुठल्याला म्हणायचं?

पुष्कळदा जे डबल वाटतं ते नुसतं रचनेमुळे. जुन्या संकरांतलं सर्वांत पसरलेलं गुलाबी नाव म्हणजे ‘डॉइच कायझरिन’, जर्मन सम्राज्ञी. फूल छोटं, आठ-दहा सेंटिमीटरचं, पण झाडभर येतं. त्याच्या बाहेरच्या पाकळ्या पसरतात आणि आतल्या उभ्या राहून पेल्यासारख्या होतात. पेल्याखाली बशी. बघणाऱ्याला दोन फुलं एकात एक बसवल्यासारखी वाटतात. हे काही पुंकेसरांचं रूपांतर नव्हे. आत बोट घालून बघितलंत तर पुंकेसर सगळे जागेवर.

काही संकरांत पाकळ्यांच्या ओळीच खरोखर जास्त असतात आणि पुंकेसरही पूर्ण असतात. आणि खऱ्या अर्थाने दुहेरी, म्हणजे ज्यात आतल्या काही पुंकेसरांच्या पातळ पाकळ्या झाल्यात आणि त्यांच्या कडेला परागकोशाचा पिवळा ठिपका अजून चिकटलेला दिसतो, अशी फुलं तुलनेने कमी. तो पिवळा ठिपका हाच पुरावा. म्हणून मला फोटो पाठवणाऱ्यांना मी सांगते, वरून काढलेला देखणा फोटो नको, फूल मावळताना ते उभं चिरा आणि आतला फोटो काढा. फूल तसंही सकाळी जाणारच आहे.

आणखी एक सावधगिरी. नव्या रोपाचं पहिलं फूल बघून डबल की सिंगल ते ठरवू नका. अशक्त झाडावर पाकळ्या कमी येतात, धष्टपुष्ट झाडावर जास्त. दोन-तीन बहर बघा.

आता ओळख. नावाच्या आधी गट ओळखायचा असतो आणि तो घरच्या घरी येतो. माझा पहिला प्रश्न असतो, फूल कधी उमलतं? आपलं ऑक्सिपेटॅलम रात्री आठ-नऊच्या सुमारास उघडायला लागतं, मध्यरात्रीकडे पूर्ण होतं, पहाटे मान टाकतं. एकच रात्र. नळी लांब आणि बाकदार, फूल पांढरं, वास भरभरून. यामागे कारण आहे. अंधारात दिसावं म्हणून पांढरं, दुरून कळावं म्हणून वास, आणि नळी एवढी लांब की लांब सोंडेच्या मोठ्या निशाचर पतंगालाच मध पोचावा. उलट लाल डिसोकॅक्टस हे हमिंगबर्डसाठी बनलेलं फूल. दिवसा उघडं, रंग भडक, नळी आखूड, वास नाही. पक्ष्याला वासाचं काय करायचंय? आपल्याकडे हमिंगबर्ड नाहीत, पण शिंजीर त्या फुलात चोच घालताना दिसला तर नवल नाही.

म्हणून फूल दिवसा उघडं राहत असेल, दोन-चार दिवस टिकत असेल, वास नसेल, तर त्यात डिसोकॅक्टसचं रक्त आहे, ते साधं ब्रह्मकमळ नाही. पांढरं आहे पण सकाळीही ताजं आहे? मग तो संकर. पांढरं, सुवासिक आणि कळ्या फांदीच्या कडेऐवजी बुंध्याजवळून येतात? तर ‘कूपराय’ या जुन्या संकराच्या घरातलं असण्याची शक्यता मोठी. फुलाशिवायही खोड पुष्कळ सांगतं. ऑक्सिपेटॅलमच्या मोठ्या फांद्या पातळ, रुंद, लाटदार कडांच्या, आणि बुंध्याकडे काठीसारख्या गोल. लाल संकरांच्या कोवळ्या फुटव्यांना पुष्कळदा तीन धारा आणि बारीक राठ केस असतात, कडा तांबूस असतात. हे स्पेसिओससचं देणं.

आता रंगांविषयी, कारण इथे लोकांचे पैसे जातात. ‘निळं ब्रह्मकमळ’, ‘सप्तरंगी ब्रह्मकमळ’ असे फोटो फिरतात, बी विकलं जातं. निवडुंगाच्या कुळात फुलांना लाल-जांभळा रंग येतो तो बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांमुळे. बिटात आणि बोगनवेलीत असतात तीच. यातून गुलाबी, लाल, किरमिजी, नारिंगी, पिवळा हे सगळे रंग मिळतात. गोकर्णीचा निळा रंग अँथोसायनिनचा, आणि ते या कुळात तयारच होत नाही. जांभळ्या पाकळीवर निळसर चमक दिसते, तेवढीच. गोकर्णीसारखं निळं ऑर्किड कॅक्टस अजून कुणीही तयार केलेलं नाही. आणि बी घेतलं तरी संकराच्या बियांतून आईसारखं मूल येत नाही, फूल बघायला चार-सहा वर्षं थांबावं लागतं. तोवर विकणारा कुठे असेल कुणास ठाऊक. घ्यायची तर फांदी घ्या, आणि शक्य असेल तर फुललेल्या झाडाची.

मग नाव? इथे मी जरा कठोर आहे. फोटो जुळवून जुन्या संकराचं नाव ठरवू नये. गुलाबी मध्यम फुलाचे शेकडो संकर एकमेकांसारखे आहेत. नाव हे फांदीबरोबर चालत येतं: कुणी, कुठून, कुठल्या नावाने दिलं, ती साखळी असेल तर नाव, नाहीतर नाही. अंदाजाचं नाव चिठ्ठीवर लिहिलं की काय होतं बघा. दहा घरांत ‘डॉइच कायझरिन’ लिहिलेलं असतं. अकरावा माणूस म्हणतो, हे तर सगळ्यांकडे आहे, आणि आपलं टाकून देतो. टाकलेलं नेमकं वेगळं निघालं तर? संकर फांदीनेच जिवंत राहतो. शेवटची फांदी गेली की ते झाड जगातून गेलं, बी पेरून परत आणता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे घडायला वेळ लागत नाही. घर बंद, माणसं मुंबईला, चतुर्थीला आठ दिवस येतात. पडवीतली जुनी कुंडी कोण बघणार? नवं घर बांधताना पहिला बळी तिचाच. म्हणून चिठ्ठी लिहा, पण खरी लिहा. ‘नाव माहीत नाही. गुलाबी, दिवसा उमलतं, तीन दिवस टिकतं. अमुक वाडीतल्या अमुक घरातून, अमुक साली.’ गावाचं नाव असलेली अशी चिठ्ठी खोट्या जर्मन नावापेक्षा शंभरपट मोलाची. आणि एक फांदी दुसऱ्या घरी द्या. “वयनी, ह्येचा एक पान दिशात माका?” असं कुणी विचारलं तर नाही म्हणू नका. आपलं मेलं तर तिथून परत येईल.

आता लागवड. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि समुद्राचा खारा वारा. झाड मूळचं पावसाच्या रानातलं, म्हणून पाऊस चालतो असं लोक समजतात. पण तिथे ते फांदीवर असतं, पाणी क्षणात निथळतं. कुंडीत तांबडी माती भरून ठेवली की जुलैपर्यंत मुळं कुजतात. त्यामुळे मातीचा वापर अगदी कमी करा. नारळाच्या सोडणाचे बोटभर तुकडे, कौलाचे बारीक खडे, लाकडी कोळसा, आणि साधारण तिसरा हिस्सा चांगलं कुजलेलं पाचोळ्याचं खत. सोडणं दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवून घ्या, त्यातला क्षार आणि तांबडं पाणी जाऊ द्या. किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको, नदीची भरड वाळू चालेल. कुंडी मातीची आणि लहान. मुळांना थोडी दाटी झाली की हे झाड बरं फुलतं. मोठ्या कुंडीत ते नुसतं वाढतं.

जागा घराच्या पूर्वेची किंवा उत्तरेची. पश्चिमेकडून खारं वारं थेट आलं की फांद्यांच्या कडा करपतात. सकाळचं कोवळं ऊन, नंतर आंब्याची चाळणीसारखी सावली, हे उत्तम. फांद्या पिवळट झाल्या तर ऊन जास्त, बारीक दोरीसारख्या लांबत गेल्या तर कमी. पावसात कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका. छपराचं सगळं पाणी एका कुंडीत पडतं. पडवीच्या आत वळचणीला टांगा. जागा असेल तर आंब्याच्या बेचक्यात काथ्याने बांधूनच बघा, त्याचं खरं घर तेच.

फांदी लावायची वेळ दसऱ्यानंतर. पावसात सगळं रुजतं ही आपली सवय इथे घात करते. जून, पक्की फांदी घ्या, वीतभर तुकडा करा, खालची बाजू कुठली त्यावर खूण करा, आणि सावलीत आठ-दहा दिवस नुसती सुकू द्या. काप कोरडा झाला की दीड-दोन इंच खोल खोचा आणि पाणी जवळजवळ देऊच नका, फक्त फवारा. फूल दोन-तीन वर्षांनी. दर झाडाला सुरी स्पिरिटने पुसा, कारण जुन्या झाडांतून विषाणू असतात आणि ते सुरीवरूनच पुढे जातात. फिकट चट्टेपट्टे असलेल्या झाडाची फांदी कितीही मोहाची असली तरी घेऊ नका. पिठ्या ढेकणाला कापसाचा स्पिरिटमध्ये बुडवलेला बोळा पुरतो. पावसात गोगलगायी कोवळे कोंब रात्रीतून साफ करतात, त्यांना हाताने वेचणं हाच उपाय.

खत कमी. पावसाळ्यात पातळ शेणपाणी किंवा १९:१९:१९ चिमूटभर, आणि कळ्यांच्या आधी, मार्च-एप्रिलपासून, नत्र बंद करून आंबावाले वापरतात तेच ०:५२:३४ अगदी सौम्य. कळी दिसल्यावर कुंडी फिरवू नका, जागा बदलू नका, पाण्यात खंड पाडू नका, नाहीतर कळ्या पिवळ्या पडून गळतात.

आणि आता ज्याची तक्रार सर्वांत जास्त येते ते. “रंगीत आणलं, पाच वर्षं झाली, झाड हे एवढं, फूल नाही.” दोष तुमचा नाही. डिसोकॅक्टसचं मूळ मेक्सिकोच्या उंच डोंगरांत. कळ्या धरायला त्यांना हिवाळ्यात बारा-पंधरा अंशांच्या रात्री काही आठवडे मिळाव्या लागतात. मालवणात जानेवारीतही पारा सतरा-अठराच्या आसपास रेंगाळतो. सखल, उष्ण रानांतलं ऑक्सिपेटॅलम इथे खुशाल फुलतं आणि लाल-गुलाबी संकर रुसतात, ते यामुळे. आंबोली सुमारे ७०० मीटरवर, तिथल्या हिवाळी रात्री स्पष्टपणे गार. तुमचे कुणी पाहुणे तिकडे असतील तर रंगीत कुंडी डिसेंबर-जानेवारी त्यांच्याकडे पाठवून बघा. मेच्या अखेरीस मात्र परत आणा, तिथला पाऊस इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. ते जमत नसेल तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडा, फांद्या किंचित सुरकुततील इतपत. झाडाला विश्रांती मिळते, गारव्याची थोडी भरपाई होते. पूर्ण होत नाही.

छाटणीचं एक राहिलं. ज्या फांदीचे बहुतेक डोळे फुलून गेलेत ती बहर संपल्यावर बुंध्यापासून काढा, नवीला जागा होते. आणि ती काढलेली फांदी फेकू नका. तीही रुजते. चिठ्ठी बांधून शेजारी द्या.